पहिली एमटीबी (माउंटन बाइक) रेस: दगडांचा टप्पा उतरून पळत काढावा की चालवत?

घाटचढ्या
१२ नोव्हेंबर २०२४, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. आजवर मी इथे फक्त ब्रेव्हेच्या (ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेऱ्यांच्या) धाग्यांवर लुडबुड केली आहे, त्यामुळे एमटीबीच्या विभागात शिरताना जरा चोरट्यासारखं वाटतंय. प्रश्न शीर्षकात आहेच, पण थोडी पार्श्वभूमी सांगतो. नाहीतर उत्तर येईल "सराव करा", आणि ते मला घरीही मिळतं.

वय ४४, वजन ७३ किलो, मुक्काम सातारा, पोटापाण्याला बँकेतली नोकरी. चार वर्षं रोडबाइक चालवतोय. २०० आणि ३०० किलोमीटरची ब्रेव्हे वेळेत झाली आहे. ३०० ला वीस तास मिळतात, मी अठरा तास दहा मिनिटांत आलो होतो. यवतेश्वरचा घाट आठवड्यातून दोनदा चढतो. एकूण पायांत जीव आहे अशी माझी समजूत होती. परवाच्या रविवारपर्यंत.

झालं असं, की गेल्या वर्षी भाच्याने त्याची जुनी माउंटन बाइक माझ्या गळ्यात मारली. २९ इंची चाकं, पुढे १०० मिलिमीटर दबून धक्के झेलणारा हवेचा फोर्क, मागे सस्पेन्शन नाही. आणि या दिवाळीत फराळाच्या ताटावर बसून त्याच पठ्ठ्याने माझ्या मोबाइलवरून माझाच फॉर्म भरला. १ डिसेंबरला मुळशीच्या बाजूला एक हौशी क्रॉसकंट्री रेस आहे. चाळिशीच्या वरचा गट, ५.२ किलोमीटरचा लूप, चार लॅप, दर लॅपला साधारण १७० मीटर चढ. वाचून हसू आलं. एकवीस किलोमीटर! आम्ही एवढ्या अंतरावर चहालासुद्धा थांबत नाही.

रविवारी दोघं कोर्स बघायला गेलो. पहिला दीड किलोमीटर बैलगाडीच्या वाटेने चढ. इथे मी भाच्याला आरामात मागे टाकलं आणि मनातल्या मनात बक्षीसही घेतलं. वर माळावर वाट वाळल्या गवतात शिरते. गवत कंबरेएवढं, मोज्यात कुसळं, आणि दगड कुठे दडलेत ते चाकालाच आधी कळतं. मग सोंडेवरून उतार. दोन हेअरपिन, म्हणजे एकदम उलटं फिरवणारी वळणं, दोन्ही सुट्या मुरमावर, ज्याला ट्रेकवाले घसारा म्हणतात तसल्या. हे सगळं पाय टेकत, सायकलला शिव्या देत झालं.

आणि मग तो टप्पा. पंचवीस-तीस पावलांची काळ्या दगडांची पट्टी. कुकरएवढ्यापासून गॅस सिलिंडरएवढ्यापर्यंत दगड, एकाचं तोंड दुसऱ्याला नाही. पट्टी संपते तिथे कातळाच्या तीन पायऱ्या, शेवटची गुडघ्याला जरा कमी. खाली लगेच कोरडा ओढा.

तीनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तोंडाशी थांबलो आणि निसर्ग बघत असल्याचं नाटक केलं. दुसऱ्यांदा पुढचं चाक दोन दगडांत बसलं आणि मी डाव्या हातावर आडवा. तिसऱ्यांदा पायऱ्यांपर्यंत पोचलो, तिथून सायकल मागे राहिली आणि मी पुढे गेलो. करवंदीच्या जाळीने झेललं. मनगट अजून दुखतंय, पण ते होईल बरं.

भाचा म्हणतो, अजून दोन रविवार आहेत, चालवतच जायचं. मला वाटतं सायकल उचलून पळावं. तर, उतरून पळणं नियमात बसतं का? बसत असलं तर अगदीच नामुष्कीचं दिसतं का? शिवाय टायरमध्ये ४० पीएसआय ठेवतो तरी दगडांवर सायकल चेंडूसारखी उडते, ते का? बटण दाबून सीट खाली नेणारा ड्रॉपर माझ्याकडे नाही. तो घ्यायची ऐपत पगारात आहे, बायकोसमोर नाही.

---

फुलस्पीड_फुलसस
१२ नोव्हेंबर २०२४, रात्री ११.१५

काका, रेस आहे ती, दिंडी नाही. उतरायचं कसलं? दगडात सगळे हळू जातात म्हणून पडतात. स्पीड ठेवा, स्पीडमध्ये दगड लागतच नाहीत. ब्रेकला हात लावू नका आणि डोळे मिटून सोडा गाडी. एकदा पार झालं की भीती गेली समजा.

---

सायकलवेडा_७७
१३ नोव्हेंबर २०२४, सकाळी ७.०२

छान लिहिलंय. सायकल केवढ्याला पडली? मीपण सेकंडहँड बघतोय.

---

टेकडीवरची
१३ नोव्हेंबर २०२४, दुपारी २.३०

फुलस्पीड, अर्धं बरोबर आहे तुझं. फार हळू गेलं की चाक प्रत्येक दगडाशी भांडत बसतं, थोडा वेग असला की वरून निघून जातं. पण चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला "डोळे मिटून सोडा" सांगणारा तू त्याच्या दवाखान्याचं बिल भरणार आहेस का?

घाटचढ्या, मी कोथरूडला राहते, वय ५२, वेताळ टेकडीवर २०११ पासून पडत आले आहे. त्या अधिकाराने लिहिते.

उतरून पळणं नियमात बसतं. क्रॉसकंट्रीत सायकल ढकला, उचला, खांद्यावर टाका, कुणी काही म्हणत नाही. आखलेली वाट सोडायची नाही, आणि सोडली गेली तर जिथून सोडली तिथूनच परत यायचं. चिखलाच्या दिवशी वर्ल्ड कपलासुद्धा माणसं सायकल उचलून पळताना दिसतात. त्यामुळे नामुष्की वगैरे डोक्यातून काढा.

आता हिशेब. टेकडीवरच्या असल्याच एका टप्प्यावर मी घड्याळ लावून बघितलं होतं. चालवत ९ सेकंद, पळत १५. म्हणजे चार लॅपला चोवीस सेकंदांचं नुकसान. एकदा पडलात तर उठायचं, हँडल सरळ करायचं, उतरलेली चेन बसवायची, कुणी बघितलं का ते बघायचं, यात दोन मिनिटं जातात. बँकेत आहात, पुढचं व्याज तुम्हीच काढा.

मात्र उतरायचं ते दहा पावलं आधी. दगडांच्या तोंडाशी येऊन "काय करू" म्हणत थांबलात तर ना चालवणं होतं ना पळणं, आणि मागचा येऊन आदळतो ते वेगळंच. चालत्या सायकलवर उजवा पाय सीटवरून मागे घ्यायचा, क्षणभर डाव्या पेडलवर उभं राहायचं आणि डावीकडे उतरून पळायला लागायचं. डावीकडेच, कारण चेन आणि गिअर उजवीकडे. पळताना पोटरीत दातेरी चक्र घुसलं की कळतं मी हे का सांगतेय. गल्लीत, रिकाम्या रस्त्यावर, रोज वीस वेळा करा. शेजारी हसतील. माझे हसले होते.

हवा: ट्यूब असताना ४० म्हणजे टायर दगड झाला. दगडावर दगड उडणारच. टायर किती रुंद आहे लिहिलं नाहीत, २.२५ इंच धरते. तुमच्या वजनाला ट्यूबवर २८ ते ३० पर्यंत उतरा. त्याच्या खाली गेलात तर दगडाची कड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. रिम ट्यूबलेसची असेल तर ट्यूब काढून सीलंट (टायरच्या आत ओतायचा चिकट द्रव) घाला. मग पुढे २१, मागे २३ चालेल, टायर दगडाला मिठी मारत जातं. आणि आपल्याकडे बाभूळ आहे. काटा आत गेला की सीलंट तिथल्या तिथे भोक बुजवतं, बऱ्याचदा तुम्हाला कळतही नाही. फक्त हे काम आधी करून घ्या. रेसच्या आदल्या रात्री केलेलं ट्यूबलेस सकाळी हवा जाऊन बसलेलं असतं, हा अनुभव मी विकत घेतलाय.

पॅरिस ऑलिंपिकच्या एमटीबी रेसमध्ये यंदा ब्रिटनच्या पिडकॉकचं पुढचं चाक पंक्चर झालं तरी तो सोनं घेऊन गेला, असं भाचा सांगेल. त्याला चाक बदलून द्यायला मेकॅनिक होता. तुमच्यासाठी तुम्हीच आहात.

सीट: ड्रॉपर नसला तरी अडत नाही. नेहमीच्या उंचीला इन्सुलेशन टेप लावून खूण करा आणि पूर्ण रेससाठी सीट तीन सेंटीमीटर खाली घ्या. चढाला गुडघे कुरकुर करतील, पण चढ दीड किलोमीटरचाच आहे. उतारावर सीट पोटात घुसत नाही, हा फायदा मोठा.

आता मला एक सांगा, पायरीवरून उडालात तेव्हा ब्रेकवर किती बोटं होती? मी पैज लावते, चार. आपण सगळे लहानपणी काळ्या सायकलवर शिकलो, तिथे चारही बोटांनी आवळल्याशिवाय ती थांबायची नाही. हायड्रॉलिक डिस्कला एक बोट पुरतं. चार बोटं ब्रेकवर म्हणजे हँडल धरायला उरला फक्त अंगठा. धक्का बसला की हात आपोआप आवळला जातो, पुढचं चाक जाम होतं, आणि नेमकं तेव्हाच ते पायरीवरून खाली चाललेलं असतं. ब्रेकचे दांडे हँडलवर थोडे आत सरकवून घ्या, तर्जनी दांड्याच्या टोकाशी येईल इतके. अ‍ॅलन कीचं काम, फुकट.

आणि कोर्स पायी चाला. सायकल गाडीतच ठेवा. एकदा खालून वरसुद्धा चाला, त्या पायऱ्या खालून बघितल्या की बऱ्याच बुटक्या दिसतात. रेसच्या सकाळी परत बघा. टोकियो ऑलिंपिकला २०२१ मध्ये व्हॅन डर पूलसारखा कसलेला डच सायकलपटू एका उतरंडीवर तोंडघशी पडला, कारण सरावाच्या वेळी तिथे फळी होती आणि तो ती असेल असं धरून गेला. रेसला फळी काढलेली होती. तुमच्याकडे फळी नसेल, पण आदल्या दिवशी गुरं गेली असतील आणि दगड हलले असतील.

शेवटचं: तुम्ही साताऱ्याला सराव कशावर करता? कासच्या बाजूला जांभा असेल तर सावध. जांभा खरखरीत, टायर धरून ठेवतो. मुळशीचा काळा कातळ पावसाने घासून गुळगुळीत झालेला असतो आणि डिसेंबरात सकाळी त्यावर दव असतं. पहिल्या लॅपला तो साबण समजा. (आणि सराव कासच्या पठारावर करत नसाल अशी आशा आहे. ते जागतिक वारशात आहे, तिथे चाकं नकोत.)

---

अस्थिर
१३ नोव्हेंबर २०२४, रात्री ९.५०

मी कोल्हापूरला हाडांचा डॉक्टर आहे. बाकीचं सायकलचं तुमचं चालू द्या, मला "मनगट अजून दुखतंय, पण ते होईल बरं" हे वाक्य आवडलं नाही.

अंगठा ताठ वर करा. मनगटाजवळ, अंगठ्याच्या मुळाशी दोन शिरांसारख्या दोऱ्या उठतात आणि त्यांच्यामध्ये खळगा पडतो. त्या खळग्यात दुसऱ्या हाताच्या बोटाने दाबा. तिथे कळ आली तर स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड मोडलेलं असू शकतं. पसरलेल्या हातावर पडणाऱ्यांचं हे ठरलेलं हाड. त्याचा रक्तपुरवठा नाजूक असतो, दुर्लक्ष केलं तर ते जुळत नाही आणि पुढे मनगट कायमचं धरतं. गंमत म्हणजे पहिल्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसतच नाही. म्हणून खळगा दुखत असेल तर एक्स-रे साफ आला तरी हात बांधून ठेवतात आणि दहा ते चौदा दिवसांनी परत फोटो काढतात.

तर आधी दाबून बघा, आणि काहीही असलं तरी उद्या जवळच्या डॉक्टरला दाखवा. खळगा दुखत असेल तर १ डिसेंबर विसरा. हेल्मेट आपटलं असेल तर तेही बदला, आतला थर्मोकोल एकदाच मार खातो.

---

घाटचढ्या
१४ नोव्हेंबर २०२४, रात्री ८.२०

डॉक्टर, तुमचं वाचून रात्री साडेदहाला अंगठा वर करून बसलो. बायकोला वाटलं मोबाइलमध्ये काहीतरी आवडलं. खळगा दुखत नाही, दुखतंय ते करंगळीच्या बाजूला. तरी आज दाखवून आलो. एक्स-रे साफ, मुरगळलंय, आठ दिवस क्रेपबँडेज आणि हँडलला हात नाही. हेल्मेटला काही झालेलं नाही, जाळीने झेललं ते बरं.

टेकडीवरच्या ताई, चारच होती. वाचून झाल्यावर पार्किंगमध्ये जाऊन सायकलवर बसलो, डोळे मिटले आणि "पडतोय" अशी कल्पना केली. चारही बोटं आपसूक ब्रेकवर. चाळीस वर्षांची सवय आहे. सराव कास रस्त्याच्या कडेच्या पायवाटांवर करतो, पठारावर नाही, शपथ.

फुलस्पीड, काका म्हणालास ते मनगटापेक्षा जास्त लागलं.

---

घाटचढ्या
३ डिसेंबर २०२४, रात्री ११.०५

झाली एकदाची. बसून लिहितोय, पण बसणं तितकंसं सोपं नाही आज.

तयारी अशी की ट्यूबलेस करून घेतलं, सगळे मिळून अठराशे रुपये गेले, घरी बाराशे सांगितलेत. ब्रेकचे दांडे आत सरकवले. सीटला पिवळी टेप. शेवटचे आठ-दहा दिवस संध्याकाळी सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर चालत्या सायकलवरून उतरण्याची कवायत. चौकीदाराने तिसऱ्या दिवशी विचारलं, "साहेब, ब्रेक लागंना व्हय?" आदल्या दिवशी दुपारी कोर्स पायी चाललो, एकदा उलटासुद्धा. खालून पायऱ्या खरंच बुटक्या दिसतात. वरून परत तेवढ्याच उंच.

सकाळी साडेसातला आमचा गट सुटला, तेवीस जण. गवतावर इतकं दव की सुरुवातीच्या रेषेपर्यंत चालतानाच बूट भिजले. चढाला मी सुटलो. सातारकर सुटला म्हणजे काय विचारता, पाच-सहा जण पुढे, बाकी सगळे मागे. वर माळावर पोचेपर्यंत मी सहावा होतो. घाटाची पुण्याई तिथे संपली. गवतातली पायवाट एका सायकलीपुरती, आणि मी तिच्या तोंडाशी बुचासारखा बसलो. मागून "ट्रॅक! ट्रॅक!" सुरू झालं. मला वाटलं कुणीतरी वाट विचारतंय. मग उजेड पडला की मलाच बाजूला व्हायला सांगतायत. झालो बाजूला. नऊ जण गेले, त्यातल्या एकाने "थँक्यू सर" म्हटलं. सहावा होतो, पंधरावा झालो.

हेअरपिनला आणखी एक ज्ञान मिळालं. उतारावर हात का एवढे बधिर होतायत म्हणून खाली बघितलं, तर चढाला फोर्क लॉक केला होता तो तसाच. अर्धा डोंगर मी बैलगाडीने उतरलो. एका हाताने खटका फिरवायच्या नादात मुरमावर पाय टेकावा लागला, अजून दोघे पुढे.

दगडांच्या टप्प्याला ठरवल्याप्रमाणे दहा पावलं आधी, बांधाजवळ वाळलेलं पळसाचं झुडूप आहे तिथे, उतरलो. झकास उतरलो, पोटरी शाबूत. कातळ खरोखरच साबण होता. माझ्या पुढचा एक जण चालवत गेला आणि दुसऱ्या पायरीवरून बसूनच खाली आला. मी पळत पळत त्याला ओलांडलं. ओढ्याच्या काठाला एक म्हातारा शेरडं घेऊन बसला होता, गुडघ्यावर काठी आडवी. माझ्याकडे बघून म्हणाला, "सायकल घिऊनच पळायचं व्हतं तर आणली कशापायी?" उत्तर द्यायला दम नव्हता. दुसऱ्या लॅपला परत तिथेच उतरलो, परत म्हातारा. या वेळी काही बोलला नाही, नुसता शेळीकडे वळला. ते जास्त लागलं.

दुसऱ्या लॅपनंतर पाण्याच्या टेबलावर पाणीच संपलं होतं, याबद्दल आयोजकांशी सविस्तर बोललो आहे, इथे नको. खिशात कंदी पेढे होते. कोरड्या तोंडाने कंदी पेढा खाऊन चढ चढायचा प्रयत्न कुणी करू नये. टाळूला चिकटतो, नाकाने श्वास घ्यावा लागतो, आणि नेमका तेव्हाच पहिल्या नंबरचा गडी मला एका लॅपने मागे टाकत गेला. त्याच्या सायकलचा आवाजच येत नव्हता. माझी एव्हाना भांड्यांच्या टोपलीसारखी वाजत होती.

आता ज्यासाठी हा धागा काढला ते. तिसऱ्या लॅपला माळाच्या शेवटी महिला गटातली एक जण मागून आली. आमच्या पाच मिनिटांनी सुटला होता तो गट. "येते हां डावीकडून," म्हणाली, मी सरकलो, ती पुढे झाली. तिची उतरण्याची लय अशी होती की बघत राहावं. हेअरपिनच्या आधी सरळ वाटेवर ब्रेक, वळणात ब्रेक मोकळा, कोपर बाहेर, दोन्ही पेडल आडवी. मी नुसता तिच्या मागच्या चाकाकडे बघत तसंच करत गेलो. दोन्ही हेअरपिन पाय न टेकता झाल्या, हे मला नंतर आठवलं. तिच्या चाकाला एक वाळलेलं गवताचं पातं अडकून फिरत होतं, तेवढंच दिसत होतं. मग एकदम हँडल थरथरलं. पळसाचं झुडूप मागे गेलं होतं आणि मी दगडांत होतो.

थांबायचं म्हटलं तरी थांबता येईना. एक बोट ब्रेकवर, बाकी मुठी आवळलेल्या. सायकल माझ्या खाली स्वतःची स्वतः हलत होती, मागचं चाक एकदा डावीकडे घसरलं आणि परत आलं. पहिली पायरी, दुसरी. तिसरीला मी पोट सीटच्या मागे नेलं, पुढचं चाक क्षणभर दिसेनासं झालं आणि मग ओढ्याच्या वाळूत धप्प. उभा होतो. म्हणजे सायकलवर होतो. मी मान वळवून काठाला बघितलं, म्हाताऱ्याला दाखवायला. म्हातारा नव्हता. शेरडं घेऊन निघून गेला होता.

आणि पुढे सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ओढ्यापलीकडे दोनशे मीटर सपाट गवत आहे. शाळकरी पोर चालवेल असं. तिथे मी परत एकदा मागे वळून त्या पायऱ्यांकडे बघितलं आणि गवतातल्या दगडावर आपटून उजवीकडे पडलो. गिअरवर. चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा मागचा डिरेलर आत वळला, चेन कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच) आणि चाकाच्या तारांच्या मध्ये जाऊन बसली. बोटं काळी करून ओढून काढली, पण पेडल मारलं की मागच्या तारांवर टकटक. शेवटचे आठशे मीटर सायकल घेऊन पळालो. सरावाचा हा भाग कामी आला म्हणायचा.

रेषेवर पोचलो तेव्हा घड्याळात १ तास ३६ मिनिटं. पहिला १ तास २८ मध्ये चारही लॅप संपवून केळं खात बसला होता. पहिला आला की बाकीच्यांनी हातातला लॅप पूर्ण करून थांबायचं असा नियम, त्यामुळे मला चौथ्याला सोडलं नाही. तेविसांत सतरावा, "उणे एक लॅप" असा शेरा. एवढं दमलो होतो की ३०० च्या ब्रेव्हेनंतरसुद्धा असा झालो नव्हतो. मनगट ठीक आहे, डॉक्टर. दुसरा काहीतरी खळगा दुखतोय, पण तो अंगठ्याजवळ नाही.

आता कामाचं. डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर वाकलाय. पान्याने वाकवून सरळ होतो का, की मोडेल? भाचा म्हणतो नवाच घे.

---

टेकडीवरची
४ डिसेंबर २०२४, सकाळी ६.५५

वा! सपाटीवर पडण्याची परंपरा जुनी आहे, वाईट वाटून घेऊ नका.

हँगर मुद्दामच मऊ अ‍ॅल्युमिनियमचा करतात, म्हणजे पडल्यावर तो वाकावा आणि फ्रेम वाचावी. पान्याने हात लावू नका. दुकानात सरळ करायचं लांब दांड्याचं हत्यार असतं, रिमशी अंतर मोजत करतात. एकदा सरळ होईल, दुसऱ्यांदा मोडेल, म्हणून एक जादा घेऊन ठेवा. मात्र प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असतो. जुना खोलून नेल्याशिवाय दुकानात जाऊ नका. आणि तारांवर टकटक होत असेल तर तोवर मागच्या मोठ्या दातेरी चक्रावर गिअर टाकू नका, डिरेलर चाकात गेला तर चाक, डिरेलर, फ्रेम सगळ्याचाच निकाल लागतो.

पळसाच्या झुडपाचा फोटो असेल तर टाका.

---

फुलस्पीड_फुलसस
४ डिसेंबर २०२४, सकाळी ९.३०

बघा काका, म्हणालो होतो ना, ब्रेक न लावता जातं! सॉरी, दादा.

---

अस्थिर
४ डिसेंबर २०२४, दुपारी १.१०

तो दुसरा खळगा माकडहाडाचा असेल तर मऊ उशी घ्या. आठ दिवसांत कमी झालं नाही तर दाखवा.

---

सायकलवेडा_७७
४ डिसेंबर २०२४, रात्री ८.४५

जबरदस्त वृत्तांत. पण सायकल केवढ्याला पडली ते राहिलंच.